रीलवर पट्टा दिसला की आधी काय तपासायचं

रद्दीपासून बॉक्सचा क्राफ्ट कागद बनवणाऱ्या मशीनवर क्वालिटीची बोंब झाली की दोन हात सगळ्यात आधी हलतात. एक स्लाइसच्या (पल्प जिथून मशीनवर पडतो त्या फटीच्या) स्पिंडलकडे, म्हणजे फट कमी-जास्त करणाऱ्या स्क्रूकडे जातो, दुसरा कागद सुकवणाऱ्या स्टीमच्या व्हॉल्व्हकडे. दोन्ही आवरायला हवेत. स्पिंडल फिरवून दोष झाकला जातो, मूळ तसंच राहतं. महिन्याभरात लिप, म्हणजे स्लाइसची कड, इतकी वाकडी होते की ती मुळात सरळ कुठे होती हेच कुणाला सांगता येत नाही. स्टीम वाढवली की ओला पट्टा सुकतो खरा, पण बाकीचा कागद कडक होतो, बॉक्सच्या घडीवर फुटतो आणि तक्रार गिऱ्हाइकाकडून परत येते.

पुढचे आकडे एका साध्या मशीनचे धरले आहेत. वापी, मोरबी किंवा आपल्याकडच्या एमआयडीसींमध्ये दिसतं तसं फोरड्रिनियर (सपाट फिरत्या जाळीवर कागद बनवणारं मशीन), एअर कुशन हेडबॉक्स (पातळ पल्प हवेच्या दाबाने स्लाइसकडे देणारी पेटी), २८ मीटरची वायर (म्हणजे ती जाळी), दीड मीटर व्यासाचे ड्रायर, डेकल (कागदाची रुंदी) ३.२ मीटर, वेग मिनिटाला ३०० मीटर, माल १२० जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम), २० बीएफ (कागदाच्या फुटण्याच्या ताकदीचा आकडा). आपल्या मशीनचे आकडे घालून तेच गणित करायचं.

फायबर किती, पाणी किती

पहिली तपासणी मशीनवर होत नाही, लॅबमध्ये होते. रीलच्या वरचे दोन-चार फाटके थर काढून टाकायचे आणि पूर्ण डेकलची एक पट्टी कापायची. टेंडिंग साइड (ऑपरेटरची) आणि ड्राइव्ह साइड (मोटारींची) पेनने लिहायची, पट्टी लगेच पॉलिथिनमध्ये गुंडाळायची. लॅबमध्ये १० × १० सेंटिमीटरचे तुकडे, दर १६ सेंटिमीटरला एक, म्हणजे साधारण २० तुकडे. प्रत्येकावर क्रमांक. वजन ग्रॅममध्ये आलं की त्याला १०० ने गुणलं की जीएसएम. काटा ०.००१ ग्रॅमचा हवा. ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर एक घर म्हणजेच एक जीएसएम, त्यावर पट्टा नीट पकडता येत नाही. मग तेच तुकडे १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये, वजन स्थिर होईपर्यंत. बाहेर काढलेला कोरडा कागद हवेतली ओल भराभर ओढतो, म्हणून बंद वजनबाटलीतच तोलायचा. पावसाळ्यात तर हे पाळलं नाही तर सगळी मेहनत पाण्यात.

आता कागदावर दोन रेषा काढा: एक कोरड्या जीएसएमची, दुसरी मॉइश्चरची. दोन्ही एकाच जागी वर उठल्या तर तिथे फायबरच जास्त पडतंय. दोष हेडबॉक्स, स्लाइस किंवा वायरवर आहे आणि प्रेसवाल्याला उठवायचं कारण नाही. कोरडी रेषा सपाट आणि मॉइश्चरचीच वर असेल तर हेडबॉक्सला हात लावू नका. प्रेस (पाणी पिळणारे रोल), फेल्ट (प्रेसमधलं पाणी शोषणारं कापड) किंवा ड्रायर बघा. अर्धी भांडणं या एका आलेखाने मिटतात.

यात एक फसगत आहे. कागद ४ टक्क्यांपर्यंत सुकवलेला असेल तर मॉइश्चरची रेषा सपाटच दिसते, कारण ओला पट्टाही तोवर सुकलेला असतो. पट्टी घ्यायच्या आधी स्टीम थोडी कमी करून सरासरी ७-८ टक्क्यांवर आणायची, मग प्रेसमधला दोष उघडा पडतो.

दुसरी फसगत जीएसएमचीच. १२० जीएसएम, ७ टक्के मॉइश्चर म्हणजे कोरडा माल १११.६ ग्रॅम. तेवढाच माल ५ टक्क्यांवर सुकला की काट्यावर ११७.५ दिसतो. मशीनमन म्हणतो जीएसएम उतरला, आणि पल्पचा व्हॉल्व्ह उघडतो. वजन भरतं, पण जाड कागद सुकवायला पुन्हा स्टीम लागते. त्या रीलमध्ये मिलने पाण्याऐवजी फायबर विकलेलं असतं. जीएसएमची नोंद करताना शेजारी मॉइश्चर लिहिलं नसेल तर त्या नोंदीला फारसा अर्थ नाही.

जीएसएम मशीनच्या दिशेने, म्हणजे वेळेनुसार हलत असेल तर किती वेळात हलतोय ते बघा. तासातासाने सरकत असेल तर रद्दीचा दर्जा बदललाय. काही मिनिटांच्या लाटा असतील तर कन्सिस्टन्सी (पाण्यातलं फायबरचं प्रमाण): मशीन चेस्टची, म्हणजे पल्पच्या टाकीची, पातळी खाली गेली आहे, अ‍ॅजिटेटर नीट ढवळत नाही, रेग्युलेटर सारखा वर-खाली झुलतोय, किंवा स्टफ बॉक्सचा (पल्पच्या व्हॉल्व्हला दाब देणाऱ्या उंच पेटीचा) ओव्हरफ्लो बंद पडलाय. हा ओव्हरफ्लो सतत वाहता असला तरच व्हॉल्व्हवरचा दाब स्थिर राहतो. पल्प वाया जातो म्हणून तो बंद करणारे लोक असतात, पण तो पल्प चेस्टमध्येच परत जातो, वाया काही जात नाही. काही सेकंदांच्या लाटा असतील तर हेडबॉक्सचा हेड, म्हणजे आतला दाब. जेटचा, म्हणजे स्लाइसमधून सुटणाऱ्या धारेचा, वेग ५ मीटर प्रतिसेकंद हवा असेल तर हेड १.२७ मीटर पाण्याचा लागतो. त्यात १ सेंटिमीटर फरक म्हणजे वेगात ०.४ टक्के फरक, म्हणजे क्षणभरासाठी अर्धा ग्रॅम जीएसएम. एअर कुशनचा कॉम्प्रेसर सारखा सुरू-बंद होत असेल तर तो आकडा थेट कागदावर उमटतो.

उभा पट्टा, आडवी पट्टी, विखुरलेला डाग

दोषाचा आकार बघितला की निम्मा शोध संपतो. मशीनच्या दिशेने लांबलचक जाणारा उभा पट्टा न हलणाऱ्या वस्तूमुळे येतो: लिप, नोझल, बंद पडलेलं छिद्र, प्रेस रोलचा झिजलेला क्राउन (मधला फुगीरपणा). ठरावीक अंतराने येणारी आडवी पट्टी किंवा खूण फिरणाऱ्या वस्तूची. कुठेही, कसेही पडलेले डाग आणि छिद्रं पल्पबरोबर आलेली. अपवाद आहेत, पण सुरुवात इथूनच.

आधी उभा पट्टा घेऊ, आणि तो फायबरचा पट्टा आहे असं धरू. वायरशेजारी उभं राहून ड्राय लाइन बघायची. पाण्याची चमक संपून कागद निस्तेज होतो ती रेघ व्हॅक्यूम बॉक्सच्या जरा आधी, डेकलभर साधारण सरळ असायला हवी. एखाद्या जागी पाण्याची जीभ पुढे सरकली असेल तर तिथे माल जास्त पडतोय किंवा पाणी कमी निथळतंय. जीभ एकाच जागी ठाम असेल तर हेडबॉक्स किंवा लिप. डावी-उजवीकडे भटकत असेल तर हेडबॉक्समधला प्रवाहच अस्थिर आहे: होली रोल (आतला छिद्रांचा रोल) अडलेला, किंवा आत स्लाइमचे (जिवाणूंच्या चिकट थराचे) लोंबते पडदे. जीभ वायरच्या दर फेरीला एकदाच दिसत असेल, म्हणजे ५ मीटर प्रतिसेकंदाला साधारण साडेपाच सेकंदांनी, तर वायरचाच एक तुकडा बुजलेला आहे.

दोन-तीन सेंटिमीटरचा अरुंद हलका पट्टा बहुतेक वेळा लिपला अडकलेल्या प्लास्टिकच्या दोरीचा किंवा टेपच्या तुकड्याचा असतो. लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने ते काढा. लोखंडी पान लिपला लावलं की ओरखडा कायमचा. पट्टा रुंद असेल, किंवा एका बाजूला जड आणि दुसऱ्या बाजूला हलका असा अख्खा प्रोफाइलच तिरपा असेल, तर हेडबॉक्समागच्या निमुळत्या हेडरचं (पल्प डेकलभर वाटणाऱ्या पाइपचं) रिसर्क्युलेशन, म्हणजे लांबच्या टोकाने परत जाणारा प्रवाह, बघायचं. हेडरच्या दोन्ही टोकांना पारदर्शक नळ्या लावून पाण्याची पातळी समान आहे का ते पाहायचं. लांबच्या टोकाला माल जड पडत असेल तर रिसर्क्युलेशनचा व्हॉल्व्ह थोडा उघडा, हलका पडत असेल तर थोडा बंद करा. हे न बघता पंधरा-वीस स्पिंडल फिरवणं म्हणजे पाया खचलेल्या घराच्या दारांना रंधा मारणं. स्पिंडलची पाळी सगळ्यात शेवटी. डायल गेज लावून, एका वेळी ०.०५ मिलिमीटर. लिप लवचीक असते, एक स्पिंडल दाबला की शेजारचे दोन्ही हलतात, म्हणून प्रत्येक बदलानंतर पुन्हा पट्टी कापायची.

स्लाइस किती उघडी असायला हवी, याचा अंदाज कागदावर काढून ठेवलेला बरा. प्रत्येक मीटर रुंदीला कोरडा माल १११.६ ग्रॅम × ५ मीटर म्हणजे सेकंदाला ५५८ ग्रॅम. रिटेन्शन (हेडबॉक्समधल्या मालापैकी वायरवर टिकणारा भाग) ८० टक्के धरलं तर हेडबॉक्समधून ६९८ ग्रॅम यायला हवा. कन्सिस्टन्सी ०.७ टक्के, म्हणजे जवळपास १०० लिटर पाणी. ५ मीटर प्रतिसेकंदाने ते निघालं तर जेटची जाडी २० मिलिमीटर, आणि जेट आकसतो म्हणून स्लाइस त्याहून दोन-चार मिलिमीटर जास्त उघडी. तुमची स्लाइस ३५ वर असेल तर कन्सिस्टन्सी फार पातळ आहे किंवा रिटेन्शन कोसळलंय. रिटेन्शन काढायला पाच मिनिटंही लागत नाहीत: हेडबॉक्स ०.७०, वायरखालच्या ट्रेचं पाणी ०.१४, तर (०.७० − ०.१४) ÷ ०.७० म्हणजे ८० टक्के.

पट्टा पाण्याचा असेल तर प्रेस. एकसारख्या अंतरावर बारीक ओले-कोरडे पट्टे दिसले तर शॉवरच्या नोझलमधलं अंतर मोजा. दोन्ही आकडे जुळले तर फेल्टच्या हाय प्रेशर शॉवरचा ऑसिलेटर (शॉवर डावी-उजवीकडे सरकवणारं यंत्र) बंद पडलाय: नोझलसमोरचा फेल्ट स्वच्छ, मधला बुजलेला. ऑसिलेटर फेल्टच्या प्रत्येक फेरीला एका नोझलच्या व्यासाइतका सरकायला हवा. १४ मीटरचा फेल्ट, २.८ सेकंदांची फेरी, १ मिलिमीटरची नोझल, तर मिनिटाला साधारण २१ मिलिमीटर. इतकी संथ हालचाल डोळ्याला दिसतच नाही, म्हणून ती बंद पडलेलीही कुणाला कळत नाही. रॉडवर खडूची खूण करून पाच मिनिटांनी बघायचं.

मधोमध ओला, कडा कोरड्या, हा क्राउनचा प्रश्न. मशीन थांबलेलं असताना निपमध्ये (दोन रोलच्या चिमटीत) डेकलभर कार्बन पेपर आणि पांढरा कागद घालून नेहमीचा लोड द्यायचा, मग उठलेल्या पट्टीची रुंदी मोजायची. मध्ये अरुंद आणि कडांना रुंद असेल तर त्या लोडला क्राउन कमी पडतोय. इथे हमखास उलटं केलं जातं: मध्ये ओलं आहे म्हणून लोड वाढवतात. लोड वाढला की रोल आणखी वाकतो, कडा आणखी दाबल्या जातात आणि मधला भाग तुलनेने अधिकच ओला राहतो. रोल ग्राइंडिंगला जाईपर्यंत लोड कमी करून चालवणं शहाणपणाचं. त्याआधी लोड देणाऱ्या दोन्ही बाजूंच्या बेलोजमध्ये हवेचा दाब सारखा आहे ना, एवढं बघून घ्या.

प्रेसमधून एक टक्का जास्त कोरडा कागद निघाला तर ड्रायरवर उडवायचं पाणी चार टक्क्यांनी कमी होतं: ४० टक्क्यांना किलोमागे दीड किलो पाणी, ४१ टक्क्यांना १.४४ किलो. फेल्ट वेळेवर बदलण्याचा खर्च यातूनच निघतो. पण पहिल्याच प्रेसवर लोड चढवून ही बचत करायला गेलात तर कागद चिरडतो. पाण्याला बाहेर पडायला जागा नसते, ते फायबर ढकलत जातं आणि फाटलेल्या दुधासारखी नक्षी उमटते. अशा वेळी पहिल्या प्रेसचा लोड उतरवा आणि काउचवर (वायरच्या शेवटच्या रोलवर) कोरडेपणा २० टक्क्यांच्या आसपास आहे का ते तपासा.

ड्रायरमुळे अरुंद पट्टा क्वचितच येतो. तिथे इन्फ्रारेड थर्मामीटर घेऊन एका ग्रुपमधल्या सगळ्या सिलिंडरचं तापमान लिहायचं. शेजाऱ्यांपेक्षा १५ अंशांनी थंड असलेला सिलिंडर कंडेन्सेटने (स्टीमचं झालेल्या पाण्याने) भरलेला आहे किंवा आत हवा कोंडली आहे. सायफन (ते पाणी बाहेर काढणारी नळी) आणि डिफरन्शियल प्रेशर बघा.

आडवी पट्टी: टेप आणि घड्याळ

ठरावीक अंतराने येणारी खूण सापडली की टेप लावायची, पण एका फेरीचं अंतर मोजून भागत नाही. दहा खुणांचं अंतर मोजून दहाने भागायचं. दीड मीटरचा ड्रायर ४.७१ मीटरला एकदा फिरतो, ६०० मिलिमीटरचा प्रेस रोल १.८८ मीटरला, ७५० चा काउच २.३६ ला. मात्र कागद पुढे जाता जाता ताणला जातो. वायर ३०० वर आणि रील ३०९ वर असेल तर वायरची २८ मीटरवरची खूण रीलवर २८.८४ मीटरला दिसते. म्हणून अंतराला रीलच्या वेगाने भागून सेकंद काढायचे आणि मशीनवर कोणती वस्तू तेवढ्या सेकंदांत फिरते ते शोधायचं. वायर आणि फेल्टवर पक्क्या शाईची खूण करून स्टॉपवॉचने एक फेरी मोजून ठेवली की ही यादी कायमची तयार. ती मशीनशेजारी लावलेली असावी.

रोलची खूण की पंपाचा धक्का, हे ओळखायची युक्ती सोपी आहे. मशीनचा वेग २० मीटरने कमी करा आणि पट्ट्यांमधलं अंतर पुन्हा मोजा. अंतर तेच राहिलं तर दोष मशीनबरोबर फिरणाऱ्या रोलचा. अंतर वेगाच्या प्रमाणात कमी झालं तर दोष स्वतःच्या वेगाने फिरणाऱ्या वस्तूचा, म्हणजे फॅन पंप (हेडबॉक्सला पल्प देणारा), प्रेशर स्क्रीन (पल्प गाळणारी), अ‍ॅजिटेटर. फॅन पंपाला वेग बदलणारा ड्राइव्ह असेल आणि तो मशीनबरोबर बदलत असेल तर चाचणीपुरता त्याचा वेग बांधून ठेवा.

१४५० आरपीएमचा पंप सेकंदाला २४ फेऱ्या मारतो. इम्पेलर असंतुलित असेल तर वायरवर दर २० सेंटिमीटरला पट्टी येते. पाच पात्यांचा असेल तर पात्यांचा ठोका दर ४ सेंटिमीटरला. दोन फॉइलचा, ४२० आरपीएमचा स्क्रीन रोटर दर ३६ सेंटिमीटरला. ३६ ची, किंवा रोटरच्या पूर्ण फेरीची ७१ ची पट्टी दिसली की थेट स्क्रीन उघडायची. ७१ ची असेल तर बहुतेकदा एक फॉइल वाकलेलं असतं किंवा बास्केटशी त्याचा गॅप दुसऱ्या फॉइलपेक्षा वेगळा असतो. पट्ट्या मंद असतील तर कागद तिरप्या उजेडात धरायचा, पाठीमागून बल्ब लावल्यावर नजरेतून सुटलेल्या पट्ट्या तिथे दिसतात.

डाग आणि छिद्रं

इथे अंदाज बांधण्यापेक्षा चार साध्या चाचण्या करा. डागाचा तुकडा दोन पांढऱ्या कागदांत ठेवून गरम इस्त्री फिरवा. वितळून चिकटला, ओढल्यावर तार आली, तर स्टिकीज: टेपचा गोंद, लेबलचा गोंद, हॉट मेल्ट. वितळून पारदर्शक तेलकट डाग पसरला तर मेण, म्हणजे रद्दीत वॅक्स कोटेड बॉक्स आलेत. काहीच झालं नाही तर निनहायड्रिनचं द्रावण मारून गरम करा. जांभळा रंग आला तर जिवाणूंचा स्लाइम. तिसरी चाचणी आयोडीनची, स्टार्चच्या गाठी निळ्याकाळ्या होतात. पण रद्दीच्या क्राफ्टमध्ये आधीच स्टार्च असतं, सगळा कागदच निळसर होतो. डाग आजूबाजूपेक्षा गडद झाला तरच स्टार्चची गाठ म्हणा. चौथी चाचणी सुईची: टोकाखाली कर्र वाजलं तर वाळू, आणि सेंट्रिक्लीनरचं (पल्प गरगर फिरवून वाळू वेगळी करणाऱ्या नळीचं) रिजेक्ट नोझल बुजलंय.

स्टिकीज उन्हाळ्यात जास्त सतावतात, आणि त्यांचं एक लक्षण लक्षात ठेवण्यासारखं आहे. कण वायरच्या जाळीत बसला की तिथे पाणी निथळत नाही, कागदात छिद्र पडतं आणि ते दर २८.८ मीटरला, त्याच जागी येतं. विखुरलेला दोष असा ठरावीक अंतराचा होऊन बसतो. वायर थांबवून रॉकेल किंवा योग्य सॉल्व्हंटने ती जागा पुसायची, आणि वायरशेजारी आगीची काळजी घ्यायची.

स्लाइमचे ब्रेक मशीन थांबून पुन्हा सुरू झाल्यावर पहिल्या काही तासांत येतात. बंद असताना बॅकवॉटर (वायरखाली निथळून पुन्हा वापरलं जाणारं पाणी) कोमट असतं, त्यात रद्दीतलं स्टार्च विरघळलेलं असतं, कोपऱ्यांत थर वाढतात आणि सुरू होताना सुटून कागदात येतात. छिद्राची कड करडी, पातळ, काचेसारखी पारदर्शक असते. एकच बायोसाइड वर्षभर न वापरता दोन आलटून पालटून द्यावेत, आणि ठरलेल्या बंदला गरम कॉस्टिकने बॉइल आउट, म्हणजे आतून धुलाई, करावा. साठलेल्या पल्पला सडकी अंडी फुटल्यासारखा वास आला तर चेस्टमध्ये किंवा खड्ड्यात गॅस टेस्टरशिवाय कुणालाही उतरवू नका. हायड्रोजन सल्फाइड जास्त झाला की नाकाला वास येणंच बंद होतं. एकाला वाचवायला दुसरा उतरतो आणि दोघेही जातात. हवा सोडणं, टेस्टर, हार्नेस आणि वर उभा माणूस हे सगळं असेल तरच.

गोल, स्वच्छ कडांची बारीक छिद्रं हवेची. काचेच्या लिटरभर मोजपात्रात हेडबॉक्सचा नमुना भरा. फायबर खाली बसण्याऐवजी वर तरंगायला लागलं तर त्याला बुडबुडे चिकटलेत. हवा येते कुठून? फॅन पंपाची ग्लँड आत हवा ओढत असते, सायलोची (बॅकवॉटरच्या टाकीची) पातळी खाली जाऊन भोवरा पडतो, बॅकवॉटर उंचावरून कोसळतं. हे सगळं ठीक असूनही फेस येत असेल तर फिटकरीकडे बघा. पांढऱ्या रद्दीत कॅल्शियम कार्बोनेट भरपूर असतं. रोझिन साइझिंगसाठी (कागदाने पाणी कमी शोषावं म्हणून) फिटकरी टाकून पीएच खाली आणला की ते विरघळतं आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो. हा बुडबुडा फायबरच्या अंगावरच तयार होतो, डिफोमर त्याला पोचत नाही. कागदाच्या राखेवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाका, फसफसलं तर कार्बोनेट आहे. मग एक तर पांढरी रद्दी कमी करा, नाही तर न्यूट्रल पीएचला एकेडीवर, म्हणजे रोझिनऐवजीच्या साइझिंग केमिकलवर, जा. डिफोमर वाढवत राहिलात तर कागदावर तेलकट डाग येतील, तो तिसराच दोष.

कॉब, बीएफ आणि शेवटी कर्ल

कॉब (कागद किती पाणी शोषतो तो आकडा) मोजण्यातच निम्म्या चुका होतात. १०० चौरस सेंटिमीटरची रिंग, १०० मिलिलिटर पाणी, ४५ सेकंदांना पाणी ओतून टाकायचं, ६० व्या सेकंदाला ब्लॉटिंग ठेवून १० किलोचा रोलर एकदा पुढे, एकदा मागे. रोलरवर हाताने जोर द्यायचा नाही. वाढलेलं वजन ग्रॅममध्ये, गुणिले १००. वरची आणि वायरकडची बाजू वेगवेगळी नोंदवा.

एकेडीवर कॉब ६० दिसला की पंपाचा स्ट्रोक वाढवायच्या आधी त्याच कागदाचा तुकडा १०५ अंशांना १० मिनिटं ठेवा आणि पुन्हा मोजा. तो ३० वर आला तर एकेडी कागदात आहे, फक्त पिकलेला नाही. सुकवणं सुधारायला हवं, आणि उद्यापर्यंत रील आपोआपही सुधारेल. आकडा हललाच नाही तर एकेडी कागदात थांबलेलाच नाही: रिटेन्शन पडलंय, किंवा इमल्शनच खराब झालंय. एकेडी फाइन्सवर, म्हणजे फायबरच्या बारीक तुकड्यांवर, बसतो. रिटेन्शन ८० वरून ६० वर आलं की तो बॅकवॉटरमध्ये फिरत राहतो आणि कोमट पाण्यात तुटून निकामी होतो. इमल्शनचे ड्रम ३० अंशांच्या खाली हवेत. विदर्भ-खानदेशात एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या शेडखाली ठेवलेला ड्रम काही दिवसांत दाट होतो, आणि दोष पुरवठादाराच्या माथी जातो.

बीएफ म्हणजे बर्स्ट किलो प्रति चौरस सेंटिमीटर, गुणिले १०००, भागिले जीएसएम. १२० जीएसएमला २.४ बर्स्ट मिळाला तर २० बीएफ. आकडा कमी आला तर आधी कागद कंडिशन केलेला होता का ते विचारा. आपल्याकडे २७ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता धरतात. मग डेकलभर दहा ठिकाणी मोजा. एकाच पट्ट्यात कमी असेल तर वर सांगितलेला प्रोफाइलचा प्रश्न, सगळीकडे कमी असेल तर रद्दी, रिफायनिंग किंवा साइझ प्रेसचं स्टार्च. एसआर (पल्पच्या रिफायनिंगचं माप) वाढवून बीएफ वाढतो, पण वायरवर पाणी निथळायला वेळ लागतो, ड्राय लाइन पुढे सरकते, प्रेस चिरडायला लागतो. त्या वेळी वेग उतरवावा लागतो आणि टनेजच्या मीटिंगमध्ये उत्तर द्यावं लागतं. स्टार्च नीट शिजलंय का, हे आधी बघणं स्वस्त.

बदल केल्यावर थांबायचं किती, हेही दोषागणिक वेगळं. पल्पच्या व्हॉल्व्हचा परिणाम रीलवर एक-दोन मिनिटांत दिसतो. रिटेन्शन केमिकलचा डोस बदलला तर बॅकवॉटरचा समतोल बसायला अर्धा-पाऊण तास जातो. एकेडीला काही तास लागतात. तोवर दुसरं काही हलवलं तर कशामुळे काय झालं ते कळत नाही. शिफ्ट बदलताना हेच सगळ्यात जास्त घडतं: जाणाऱ्याने डोस वाढवलेला असतो, येणाऱ्याला परिणाम दिसत नाही म्हणून तो आणखी वाढवतो. लॉगबुकात डोसच्या पुढे वेळ लिहायला फार तर दहा सेकंद लागतात.

कर्लचं थोडक्यात. कागद ज्या बाजूने शेवटी सुकतो त्या बाजूकडे वळतो. वरच्या आणि खालच्या सिलिंडरची स्टीम वेगवेगळी देता येत असेल तर शेवटच्या ग्रुपमध्ये तो फरक बदलून कर्ल उलटवता येतो. स्टीम बदलूनही वळण तिरपंच राहिलं, कर्णाच्या दिशेने, तर ड्रायर सोडा आणि जेट व वायरच्या वेगाचं गुणोत्तर तपासा. फायबर तिरपं बसलंय, आणि ते वायरवरच ठरलेलं असतं.